सहा गुणांचा झेंडा

दहावीचा निकाल लागला की तोच वाद नव्याने पेटतो. 2025 साली राज्यात 94.10 टक्के मुलं पास झाली, 211 जणांना शंभर टक्के पडले आणि लगेच दोन तट पडले. एक म्हणतो, गुणांची खिरापत वाटली. ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ आणि कला-क्रीडेचे वाढीव गुण धरल्यावर दुसरं काय होणार? दुसरा म्हणतो, पोरांनी कष्ट केलेत, कौतुक करा. दोघंही बोलतात ते त्या शंभरवाल्यांबद्दलच. लातूरला माझ्या भाच्याला 64 टक्के पडले. ताई फोनवर एवढंच म्हणाली, “साधारणच आहे रे तो अभ्यासात.” पेढे आणले नव्हते.

हा ‘साधारण’ मला फार लागला. एरवी किती निरुपद्रवी शब्द! साधारण पाच वाजता येतो, साधारण दोन किलो दे. पण माणसाला लावला की त्याचा निकालच लागतो. स्थळ सांगताना “मुलगी चारचौघींसारखी आहे” म्हटलं की पुढची बैठक होत नाही. आमच्या वडिलांच्या पिढीत साठ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास, गल्लीभर पेढे वाटायचे. आज तेवढेच टक्के सांगताना आई आवाज खाली आणते.

मी राहतो आइंडहोव्हनला. नेदरलँड्समध्ये गुण दहापैकी देतात आणि साडेपाचला पास. बहुतेक मुलं सहा-सात मिळवून खूश असतात. दहा तर क्वचितच कुणाला पडतात. ‘सहाची संस्कृती’ म्हणून इथले पुढारी यावर अधूनमधून टीकाही करतात. पण जूनमध्ये शालान्त परीक्षेचे निकाल लागले की घराघरावर राष्ट्रध्वज लागतो आणि झेंड्याच्या काठीला पास झालेल्या मुलाचं दप्तर टांगतात. आमच्या शेजारच्या मुलीचं दप्तर असंच लटकत होतं: एक पट्टा उसवलेला, चेनला केसांचं रबर अडकवलेलं. तिला किती पडले ते त्या काठीवर कुठेच नव्हतं. चार वर्षांचा व्यवसायाकडे नेणारा अभ्यासक्रम असो की विद्यापीठाकडे नेणारा सहा वर्षांचा, झेंडा तोच आणि तेवढाच. आपल्याकडे चौकातल्या फ्लेक्सवर फोटोपेक्षा टक्के मोठे छापतात, हे आठवल्याशिवाय राहिलं नाही.

डच लोकांच्या तोंडी दिवसभर ‘खेवोन’ हा शब्द असतो. खेवोन म्हणजे साधं, नेहमीचं. ‘साधं वाग, तेवढा वेडेपणा पुरे’ अशा अर्थाची त्यांची म्हणही आहे. हे ऐकून गावाकडच्या पालकांना समाधानाचे धडे द्यायचा मोह इथल्या आपल्या लोकांना होतो. तो मला पटत नाही. इथे साधं राहणं परवडतं. नळ दुरुस्त करणाऱ्याचा आणि वॉर्डातल्या परिचारिकेचा पगार बहुधा सामूहिक करारानं ठरतो, किमान वेतन कायद्यानं तासावर बांधलेलं आहे, आरोग्यविमा सगळ्यांना सक्तीचा. व्यवसायशिक्षण घेणाऱ्याला 2020 पासून कायद्यातही ‘विद्यार्थी’ म्हणतात. लातूरचा वायरमन कंत्राटदाराच्या मर्जीवर जगतो आणि घरात एक आजारपण आलं तर शेत विकायची वेळ येते. तिथली आई 64 टक्क्यांना घाबरते, ती उगाच नाही. म्हणून वाद घालायचाच तर त्या 211 जणांवर नको. आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या पोराच्या हातात काय पगार पडतो, यावर घाला.

वैद्यकीय प्रवेशाचंही असंच. इथे कित्येक दशकं त्या जागांसाठी सोडत निघायची. गुण चांगले असले तर नंबर लागण्याची शक्यता जास्त, आणि पुढे आठच्या वर सरासरी असणाऱ्यांना थेट प्रवेश मिळू लागला. 2017 मध्ये ही सोडत बंद झाली आणि आता कायद्यानं पुन्हा खुली केली आहे. आपल्याकडे हे कुणी ऐकूनच घेणार नाही. पण 2024 च्या नीटमध्ये सुरुवातीला 67 जणांना 720 पैकी 720 दाखवले होते. अशा परीक्षेत एका गुणानं मागे पडलेला मुलगा कमी लायक, असं छातीवर हात ठेवून कोण म्हणेल?

इथलं सगळं गोड आहे असंही नाही. बाराव्या वर्षीच मुलांची या वेगवेगळ्या अभ्यासक्रमांत वाटणी होते, हे मला क्रूर वाटतं. आणि ‘साधं’ म्हणजे काय, हे ठरवणारे आपण नसतो. जानेवारी 2017 मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, तेव्हाचे पंतप्रधान मार्क रुटे यांनी वर्तमानपत्रांत पानभर पत्र छापलं. त्याचा सूर होता: नीट वागा, नाहीतर चालते व्हा. नाव कुणाचंच नव्हतं, पण आमच्यासारख्या चेहऱ्यांना ते कुणासाठी आहे हे कळलं.

इथल्या मराठी घरांतही बाराव्या वर्षाची धास्ती आहेच. शाळेनं मधला, पाच वर्षांचा ‘हाव्हो’ अभ्यासक्रम सुचवला की शिकवण्या लागतात आणि गणपतीच्या आरतीनंतर त्या मुलाची आई कोपऱ्यात उभी राहते. हाव्होवरून पुढे उच्च व्यावसायिक शिक्षणाला जाता येतं, तिथून इंजिनिअर होतात, शिक्षक होतात, परिचारिका होतात. माझ्या टीममधले दोघं त्याच वाटेनं आलेत आणि मशीन अडलं की आम्ही सगळे त्यांनाच हाक मारतो. हे मी त्या आईला सांगितलं. पुढच्या वर्षी इथल्या मराठी मंडळात दहावी-बारावीच्या सत्काराऐवजी शाळा संपवणाऱ्या प्रत्येक मुलाचा, टक्के न वाचता, सत्कार व्हावा असा ठराव मी मांडणार आहे.