२५२० आणि रामानुजनांच्या गळ्यात मारलेला लसावि

भाची सहावीत आहे. २२ डिसेंबरला, गणित दिनाला, शाळेत दोन मिनिटं बोलायचंय म्हणून ताईने फॅमिली ग्रुपवरचा एक मेसेज तिला पाठ करायला दिला, आणि वर मला फोन: "बघ रे जरा, बरोबर आहे ना?" एरवी हा मेसेज मी मुकाट्याने डिलीट करतो. पण पोरीच्या तोंडी जाणार म्हटल्यावर गप्प बसवेना.

मेसेज म्हणतो: २५२० ही जगातली एकमेव विचित्र संख्या. १ ते १०, सम असो वा विषम, सगळ्यांनी नि:शेष भाग जातो. गणिती चक्रावले. शोध रामानुजनांचा. आणि रहस्य काय, तर आठवड्याचे ७ दिवस × महिन्याचे ३० दिवस × वर्षाचे १२ महिने = २५२०!

एकमेव कसली? ५०४० ला भाग जातो, ७५६० ला जातो, पुढे दर २५२० ला एक. ही त्यांतली सगळ्यांत लहान, इतकंच. सम-विषमचं नवल ६ चंही करा मग. २ आणि ३ दोघांनीही जातो.

शोध म्हणाल, तर हा शाळेतला लसावि आहे हो! ५, ७, ८, ९ गुणले की झालं. बाकीचे त्यांच्या पोटात. लसावि काढायची रीत ग्रीक गणिती युक्लिडने लिहून ठेवलीय. त्याच्याही आधी प्लेटोने 'लॉज' (म्हणजे कायदे) या ग्रंथात नगरीत ५०४० जमीनधारक असावेत म्हटलं, का, तर ५०४० ला ती स्वतः सोडून ५९ विभाजक आहेत आणि त्यांत १ ते १० ओळीने येतात. तेवीसशे वर्षं झाली या गोष्टीला.

आता ते कॅलेंडर. गुणाकार बरोबर आहे, पण कशाचा? ३० × १२ म्हणजे ३६० दिवस. त्याला पुन्हा ७ ने गुणून आलं ते काय? दिवस? आठवडे? सात वर्षांचे दिवस म्हणावेत तर ते २५५५, लीप वर्षांचे वेगळे. आणि महिना ३० चाच का? ३१ घ्या, २६०४ येतात. फेब्रुवारीचे २८ घ्या, २३५२. दोन्हींना ५ ने भाग जात नाही. मुळात ३६० ला ७ सोडून १ ते १० सगळ्यांनी भाग जातोच. राहिलेला ७ आठवड्याच्या नावाने आत घुसवला आणि त्याला रहस्य म्हणून मोकळे!

एक मात्र नाइलाजाने कबूल करतो: रामानुजनांचा २५२० शी संबंध आहे. लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात १९१५ साली आलेला त्यांचा लेख अशा संख्यांवर आहे, ज्यांना त्यांच्याहून लहान कुठल्याही संख्येपेक्षा जास्त विभाजक असतात. २५२० तिथे आहे, ४८ विभाजकांसह, १६८० आणि ५०४० च्या मधोमध. एक ओळ, बस. खरं काम पुढे आहे. अशा संख्येचे मूळ अवयव पाडून लहानापासून मोठ्याकडे मांडले की घातांक कधी चढत नाहीत, आणि शेवटचा घातांक १ च असतो, अपवाद फक्त ४ आणि ३६. हे त्यांनी सिद्ध केलं. संगणक नसताना यादी सहा लाख कोटींच्या पलीकडे नेली, आणि तिच्यातून एक संख्या निसटली: २,९३,३१,८६,२५,६००.

रविवारी भाचीला घेऊन या निसटलेल्या संख्येचे अवयव पाडले. २ सहा वेळा, ३ चार वेळा, ५ आणि ७ दोन-दोनदा, मग ११, १३, १७, १९ एकेकदा. विभाजक भरले ५०४०.