पाचशे खेळांचं कार्ड का भरून दिलं नाही: दुकानाकडून उत्तर

नमस्कार,

रिव्ह्यूमध्ये तारा एकच दिलात, पण लिहिलंत सविस्तर, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमच्या तक्रारी तीन: व्हिडिओ गेमच्या कॅसेटचा सेल बदलायला आठवडा लागला, मेमरी कार्डवर ‘पाचशे जुने खेळ’ भरून मिळाले नाहीत, आणि काउंटरवरच्या मुलाने ‘एमुलेटर म्हणजेच चोरी’ असं चारचौघांत सुनावलं.

शेवटची तक्रार आधी घेतो, कारण तिथे चूक पूर्णपणे आमची आहे. ग्राहकाला चोर ठरवायचं आमचं काम नाही, त्याबद्दल माफ करा. शिवाय तो बोलला तेही चूक. एमुलेटर, म्हणजे दुसऱ्याच्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम, स्वतः लिहिणं ही चोरी नव्हे. सोनी विरुद्ध कनेक्टिक्स खटल्यात अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने २००० सालीच प्लेस्टेशनचा एमुलेटर बनवणाऱ्या कनेक्टिक्सच्या बाजूने निकाल दिला. भानगड असते ती त्यात घालायच्या खेळांची.

आठवड्याचं म्हणाल तर, सेल बदलणं दहा मिनिटांचंच काम आहे, सेव्ह, म्हणजे खेळात साठवलेली प्रगती, नको असेल तर! खेळ रॉम चिपमध्ये असतो, त्याला सेल लागत नाही. ती प्रगती मात्र रॅममध्ये असते आणि ती त्या बटन सेलवरच जगते. सेल उपटला की सगळं साफ. म्हणून आधी कॅसेट रीडरला लावली. दोनदा उतरवलेल्या फाइली एकमेकींशी जुळेनात. पिनांवर काळपट थर होता. तो पुसल्यावर जुळल्या, मग सेल बदलला आणि सेव्ह परत चढवली. तिसऱ्या स्लॉटमध्ये ‘आआआआ’ नावाचा खेळाडू आहे. तोही शाबूत आहे.

आता मुख्य मुद्दा. ‘जो खेळ कंपनी विकतच नाही, त्याची कॉपी केली तर बुडतं कुणाचं?’ असं तुम्ही विचारलंत. प्रश्न रास्त आहे. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या पाहणीप्रमाणे अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत. ग्रंथालयांना असे खेळ अभ्यासकांना घरबसल्या उपलब्ध करून द्यायचे होते, तर तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने २०२४ मध्ये तेही नाकारलं. सुपर मारिओ ब्रदर्स १९८५ चा. कंपनीने करवून घेतलेल्या कामाला तिथे प्रकाशनापासून ९५ वर्षं संरक्षण, म्हणजे २०८० संपेपर्यंत. तोवर किती कॅसेटी चालू राहतील ते आमच्या टेबलावर रोज दिसतं. ही मुदत मला स्वतःला अवाच्या सवा वाटते. एखादी संस्था हे खेळ उतरवून जपत असेल तर मी तिच्याच बाजूचा.

पण तुम्ही मागितलंत ते जपणं नव्हतं आणि मी केलं असतं तेही नाही. मी पैसे घेऊन दुसऱ्यांचे पाचशे खेळ विकले असते. लपवत नाही, सुरुवातीला मी अशी कार्डं भरून दिलीही आहेत. एकदा एका कार्डाची यादी सहज वर-खाली करताना मायक्रो मेजेस दिसला. निन्टेंडो कंपनीच्या जुन्या गेम यंत्रासाठी २०१९ मध्ये केलेला, ४० किलोबाइटमध्ये बसवलेला खेळ, बनवणारे स्वतः विकत होते तो. यादीत तो तीस वर्षांपूर्वीच्या खेळांच्या रांगेत ‘बेवारस’ म्हणून बसला होता. पाचशेंतला कुठला खरंच बेवारस आणि कुठला नाही, हे ना कार्ड भरणारा बघत होता, ना मी. त्या दिवसापासून बंद केलं. धंद्याला फटका बसला, अजून बसतो, तुमचा तारा त्यातलाच.

स्वतःच्या कॅसेटी असतील तर घेऊन या. साफसफाई, सेल, सेव्ह वाचवणं हे सगळं करतो. आणि हो, तुमच्या सेव्हची एक प्रत अजून आमच्या संगणकावर आहे. हवी असेल तर कळवा, पाठवतो. नको असेल तर पुसून टाकतो.