ट्रेशम घराणं फक्त दंडामुळे बुडालं नाही

लेख मनापासून आवडला, पण इंग्लंडमधल्या नॉर्दॅम्प्टनशरच्या ट्रेशम या कॅथलिक घराण्याची रशटनची जहागीर कॅथलिकांवरच्या दंडापायी गेली, हे लेखातलं विधान अपुरं वाटतं. दंड जबर होता, यात वादच नाही. १५८१च्या कायद्याने सरकारी (प्रोटेस्टंट) चर्चमध्ये उपासनेला न जाणाऱ्याला महिन्याला २० पौंड भरावे लागत. घराण्याचे प्रमुख सर थॉमस ट्रेशम यांनी एकूण सुमारे ८ हजार पौंड भरले, वर कित्येक वर्षं कैद आणि नजरकैद सोसली. धर्म मात्र सोडला नाही, याबद्दल आदरच वाटतो.

पण त्यांना सहा मुली उजवायच्या होत्या आणि हुंड्यातही प्रचंड पैसा गेला. शिवाय बांधकामाचा नाद! लिव्हडन या गावी त्यांनी काढलेलं क्रूसाच्या आकाराचं घर १६०५ मध्ये ते वारले तेव्हा अर्धवटच होतं. आजही त्याला छप्पर नाही. मेंढ्यांसाठी जमिनी कुंपणात घेतल्याने कुळांचा रोष होता तो वेगळाच.

त्याच वर्षी मुलगा फ्रान्सिस गनपावडर कटात (राजासकट संसद बारुदाने उडवण्याच्या कॅथलिकांच्या कटात) अडकला आणि डिसेंबरात टॉवर ऑफ लंडनच्या कैदेत आजारपणात गेला. धाकट्या लुईसच्या वाट्याला कर्ज आलं. १६१९ मध्ये रशटन लंडनचे बडे व्यापारी सर विल्यम कोकेन यांच्याकडे गेलं.

एक गोष्ट लेखात हवी होती. १८२८ मध्ये रशटन हॉलची, म्हणजे ट्रेशमांच्या जुन्या वाड्याची, भिंत फोडताना चादरीत गुंडाळलेलं कागदपत्रांचं आणि धार्मिक पुस्तकांचं भलंमोठं गाठोडं निघालं. कट फुटल्यावर झडतीच्या भीतीने कुणीतरी ते चिणून ठेवलं असणार. या घराण्याची इतकी माहिती मिळते ती बरीचशी त्यामुळेच. पुढच्या भागात त्या कागदांवर सविस्तर लिहा, ही विनंती.