रिंजानी? अहो, बेटावरचा डोंगर तो, असून असून किती असणार!

बालीला गेलात की शेजारच्या लोंबोकला जाऊन रिंजानी कराच, आणि तयारी बियारी अजिबात करू नका. आपण कळसूबाई केलीय ना, तीही आठवीत, शाळेच्या ट्रिपला. ती १६४६ मीटर, हा ३७२६, म्हणजे कळसूबाई दोनदा चढायची आणि वर चारेकशे मीटर, तेवढं तर डॉक्टरने सांगितलंय म्हणून आपण रोज चालतोच.

तिकीट जानेवारीचं काढा, स्वस्त मिळतं. जानेवारी ते मार्च पावसामुळे ट्रेक साधारण बंदच असतो म्हणे, पण आपण भर जुलैत हरिश्चंद्रगड केलेले लोक, आपल्याला कोण अडवणार! (गेटवरचा माणूस अडवतो.)

स्वेटर नको. विषुववृत्ताजवळचं बेट, नारळाची झाडं, थंडी कुठून येणार? हाफ पँट आणि बीचवर घेतलेला तो फुलाफुलांचा शर्ट बास. पहाटे शिखरावर दात वाजायला लागले तर समजा एक्साइटमेंट आहे.

सेम्बालुन गावाकडून चढणाऱ्या वाटेवर ज्या टेकड्या लागतात त्यांना तिकडचे लोक बुकित पेन्येसालान म्हणतात, म्हणजे पश्चात्तापाच्या टेकड्या. नावावर जाऊ नका. तिथे फक्त सुरुवात होते पश्चात्तापाची, खरा माल पुढे आहे, रात्री दोनला उठून काळ्या राखेचा घसारा चढायचा, दोन पावलं वर गेलं की एक पाऊल खाली, आणि तुम्ही मागच्याला सांगत राहायचं की आमच्या सह्याद्रीत याहून भारी घसारा असतो, श्वास उरला असेल तर.

वर पोचलात की खाली सगारा आनाक तळं दिसेल, त्यात एक काळं टेकाड, ते बारुजारी, जिवंत ज्वालामुखी. २०१५ ला त्याच्या राखेने बालीचं विमानतळ बंद पाडलं होतं. तिकडे बोट दाखवून पोज द्या, लाइक येतात. बालीतले हिंदू आणि लोंबोकचे सासाक लोक, दोघंही हा डोंगर पवित्र मानतात, म्हणून चिक्कीचा कागद अगदी हळूच टाका.

आणि हो, पोर्टर. खांद्यावर बांबूची कावड, त्यात तुमचा तंबू, तुमचं पाणी, तांदूळ, अंडी, गॅस, आणि पायात साध्या रबरी चपला. तुम्ही धापा टाकत कॅम्पवर याल तेव्हा त्याचा भात शिजलेला असतो. त्याला फोटोत घेऊ नका, उगाच तुम्ही सामान घेऊन चढलात की नाही असा प्रश्न येतो. दुसऱ्या दिवशी तुम्ही बसून बसून घसरत उतरत असताना तो कावडीसकट शेजारून पळत जाईल, तेव्हा मात्र हाक मारून थांबवा त्याला, आणि आपल्या साडेनऊ हजाराच्या बुटांच्या ग्रिपबद्दल नीट समजावून सांगा.