ट्रॅक्शनचं वजन मनाने वाढवू नका

‘इंजिन जितकं जड तितकं ट्रॅक्शन जास्त, तसंच मोडलेल्या पायाला वजन वाढवलं की हाड लवकर जुळतं’ असा मेसेज सध्या फिरतोय. पहिलं अर्धं ठीक आहे, दुसरं साफ चूक आणि घातक.

रेल्वेत ट्रॅक्शन म्हणजे गाडी ओढणारा जोर. चाक रुळावर घसरलं की तो वाया जातो. म्हणून इंजिनाचं वजन कामाला येतं, ओल्या रुळावर वाळू सोडतात. कसारा घाटात 37 फुटांना 1 फूट चढ आहे, तिथे मागून जादा इंजिनं लावावी लागतात.

पायाचं ट्रॅक्शन म्हणजे दोरीला वजन लटकवून मोडलेला पाय ओढून धरणं. त्याचं काम वेगळं. मांडीचे स्नायू आखडून हाडाची टोकं एकमेकांवर चढवतात. ती सरळ ओळीत राहावीत, दुखणं कमी व्हावं, एवढ्यासाठीच ही बेताची ओढ असते. हाड जुळतं ते शरीराच्या गतीने. पट्टी चिकटवून लावलेल्या ट्रॅक्शनला साधारण 5 किलोच्या वर गेलं तर कातडी सोलते, नस दबते. जास्त ओढीने टोकांत फटही पडते.

नातेवाइकांनी एवढंच बघावं: वजन अधांतरी लटकलेलं हवं, जमिनीला किंवा खाटेला टेकलेलं नको. बोटं बधिर किंवा गार पडली तर लगेच नर्सला हाक मारा.