भांडण माणसांचं नाही, भरपाईच्या वाटेचं आहे

सिग्नलवर दोन गाडीवाले एकमेकांच्या कॉलरला धरून उभे, मागे हॉर्नचा कल्लोळ आणि बाजूला मोबाइल उंचावलेला कुणीतरी. असा व्हिडिओ आमच्या घरच्या ग्रुपवर अधूनमधून येतोच. त्याखालची चर्चाही ठरलेली असते. आपल्या लोकांना शिस्त नाही, वळण नाही, आणि मग मला उद्देशून, ‘तुमच्या जर्मनीत असं असतं का गं?’ या वेळी निमित्त घरातलंच होतं. मामेभावाच्या नव्या गाडीला सिंहगड रोडवर एकाने मागून ठोकलं. बंपर फाटला, डिकीच्या झाकणाला पोचा आला. भर रस्त्यात बराच वेळ हुज्जत झाली आणि शेवटी समोरच्याने दोन हजार रुपये हातावर टेकवून गाडी काढली. मामा म्हणाले, ‘माणसंच तशी, काय करणार!’

मला हे पटत नाही. स्टुटगार्टजवळ इतकी वर्षं राहून मला वाटतं ते असं : इथली माणसं जन्मतः शांत आणि आपली भांडकुदळ, असं काही नाही. इथे रस्त्यावर भांडून काही मिळत नाही, कारण मिळायचं ते दुसरीकडे नक्की मिळतं. आपल्याकडे मात्र जे काय पदरात पडायचं ते त्या रस्त्यावरच पडतं. मग माणूस भांडणार नाही तर काय करेल?

माझ्याही नव्या गाडीला असाच धक्का बसला. सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये गाडी उभी होती आणि एका आजोबांनी रिव्हर्स घेताना मागच्या दारावर त्यांची गाडी आणली. ते चांगलेच चिडले होते, गाडी वाकडी लावलीय म्हणून मलाच सुनावत होते. म्हणजे स्वभावात फरक नाहीच. पण ते निघून गेले नाहीत. अपघाताच्या जागेवरून पळणं हा इथे फौजदारी गुन्हा आहे. फक्त गाडीचं नुकसान झालं असलं तरी कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे, आणि काचेवर चिठ्ठी ठेवून जाणं पुरेसं धरत नाहीत. आम्ही फोटो काढले, नंबर आणि विम्याचा तपशील घेतला आणि आपापल्या वाटेने गेलो.

पुढचं सगळं त्यांच्या विमा कंपनीशी. माझ्या कंपनीला यात पडायचं कारणच नव्हतं. ज्याच्या गाडीने ठोकलं त्याच्या विमा कंपनीकडे थेट भरपाई मागायचा हक्क इथे कायद्यानेच दिलेला आहे. समोरच्याची कंपनी ठाऊक नसेल तर गाडीच्या नंबरावरून ती सांगणारा मध्यवर्ती फोन क्रमांक आहे. विम्याशिवाय गाडीची नोंदणीच होत नाही, त्यामुळे ‘समोरच्याचा विमाच नाही’ ही भीती जवळपास उरत नाही.

सगळ्यात जास्त लक्षात राहिला तो नुकसान मोजायला आलेला तज्ज्ञ. साधारण 750 युरोंच्या खालचं नुकसान असेल तर गॅरेजचं एस्टिमेट चालतं. त्यावर असेल तर स्वतंत्र तज्ज्ञ आपण निवडायचा आणि त्याची फी ठोकणाऱ्याच्या कंपनीने द्यायची. या माणसाने आधी पोचा आलेल्या दाराकडे पाहिलंच नाही. खिशातून रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र काढलं आणि बॉनेटपासून सुरुवात करून एकेका पत्र्यावर टेकवत गेला. दर वेळी बारीक ‘टिट’ आवाज आणि पडद्यावर मायक्रॉनमधला आकडा. गाडी आधी कुठे रंगवलेली नाही, हे त्याला लेखी हवं होतं. मग दाराचा कडेचा दुमड पाहिला, रबर ओढून आतली वेल्डिंगची जागा तपासली. अहवालात पत्रा, रंग, मजुरी यांच्याखाली आणखी एक ओळ होती : दुरुस्ती कितीही चांगली झाली तरी विकताना ही गाडी अपघात झालेली म्हणूनच सांगावी लागणार, म्हणून किमतीतली घट. शिवाय गाडी गॅरेजमध्ये राहील तेवढ्या दिवसांची वापर बुडाल्याची भरपाई. मामेभावाला हे सांगितलं तेव्हा तो फोनवर क्षणभर गप्पच झाला.

इथल्या कंपन्या साधुसंत आहेत असं मात्र कुणी समजू नये. आजोबांच्या कंपनीचा गोड आवाजात फोन आला की आमचा माणूस पाठवतो, आमच्याच गॅरेजमध्ये टाका. ऑफिसमधल्या मैत्रिणीने आधीच बजावलं होतं, हो म्हणू नकोस. नंतर अहवालातल्या काही रकमांवर त्यांनी काट मारलीच, आणि वकिलाचं पत्र गेल्यावर ती मागे घेतली. चूक आपली नसेल तर वकिलाचा खर्चही समोरच्या कंपनीकडेच जातो, म्हणून सामान्य माणसाला वकील परवडतो.

आणि दुरुस्ती? त्यात मी आपल्या लोकांच्या बाजूने आहे. इथे दार अख्खं बदललं. पार्टसाठी थांबा, अपॉइंटमेंटसाठी थांबा. नाना पेठेच्या आसपासच्या एखाद्या जुन्या डेंटरने तोच पत्रा आतून ठोकून असा सरळ केला असता की बोट फिरवून कळलं नसतं. ते कसब इथे महाग मजुरीपायी मागे पडत चाललंय, आणि चांगलं दार भंगारात जाताना मला खरंच वाईट वाटलं.

आता मामेभावाकडे येऊ. त्याच्यापुढे दोन वाटा होत्या. आपल्याच पॉलिसीवर क्लेम टाकायचा, किंवा खिशातून करून घ्यायचं. क्लेम टाकला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल पुढच्या हप्त्यात मिळणारी सूट, गेला. हा बोनस क्लेमशिवाय गेलेल्या पहिल्या वर्षानंतर 20 टक्के असतो आणि वाढत वाढत 50 टक्क्यांपर्यंत जातो. झिरो डेप, म्हणजे जुन्या झालेल्या भागांची किंमत कापू न देणारं जादा कवच, घेतलेलं नसेल तर बंपरसारख्या प्लास्टिकच्या भागांना निम्मी किंमत कापून घेतात. शिवाय कंपल्सरी डिडक्टिबल, म्हणजे दर क्लेमला आपल्याच खिशातून भरायची ठरावीक रक्कम, आहेच. चूक दुसऱ्याची आणि भुर्दंड याला.

तिसरी वाट कागदावर आहे. थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं केलेलं नुकसान भरून देणारा, आपल्याकडे सक्तीचा आहे, आणि कारच्या पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेचं साडेसात लाखांपर्यंतचं नुकसान धरलेलं असतं. सप्टेंबर 2018 पासून नवी कार घेताना तीन वर्षांचा आणि दुचाकी घेताना पाच वर्षांचा थर्ड पार्टी हप्ता एकदम भरावा लागतो. म्हणजे दुसऱ्याच्या पोच्याचे पैसे आपल्याकडून आधीच घेतलेले असतात! पण ते मिळवायचे तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जायचं. जिथे मृत्यू आणि अपंगत्वाची प्रकरणं रांगेत आहेत तिथे बंपरसाठी कोण जाईल, आणि का जावं?

‘जर्मनीसारखं आपल्याला परवडणार नाही’ हे म्हणणं मला म्हणूनच मान्य नाही. हप्ता आपण भरतोच आहोत. इटलीने 2007 मध्ये सोपी पद्धत आणली : चूक नसलेल्याला त्याचीच कंपनी पैसे देते आणि नंतरचा हिशेब कंपन्या आपसात करतात.

मामांचा आक्षेप होता की आपल्याकडे असं केलं तर खोट्या क्लेमचा पूर येईल. मुद्दा रास्त आहे. ठरवून धडक घडवणाऱ्या टोळ्या जर्मनीतही आहेत, आणि त्यांना पकडायला इथल्या कंपन्यांची सामाईक नोंद आहे. आपल्याकडेही विम्याची माहिती गोळा करणारा ब्युरो 2009 पासून आहे, आणि गाडीच्या नंबरावरून विमा चालू आहे का ते ‘वाहन’ पोर्टलवर दिसतं. खरी अडचण बिनविम्याच्या गाड्यांची आहे, विशेषतः दुचाकींची. त्यांच्यापुढे ही पद्धत लंगडी पडेल, हे मी मामांना मान्य केलं. पण मामेभावाला ठोकणाऱ्याचा विमा चालू होता, पोर्टलवर त्याने नंतर तपासलं. त्या पॉलिसीतून त्याचा बंपर भरून निघायला हवा होता आणि बोनस जागच्या जागी राहायला हवा होता. विमा नियामकाला हे करायला लावावं म्हणून ग्राहक संघटनांनी मागे लागावं असं मला वाटतं, आणि मी मामांना सांगितलंय, पत्राचा मसुदा मी करून देते, सह्या तुम्ही सोसायटीत गोळा करा.