टेव्ये गवळी, मुक्काम टोकियो

आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर परवा पुन्हा तो किस्सा आला. वर्षातून दोनदा तरी येतो. 'फिडलर ऑन द रूफ' हे अमेरिकन म्युझिकल जपानमध्ये लागलं तेव्हा तिथल्या निर्मात्याने लेखक जोसेफ स्टाइनना विचारलं, "हे नाटक अमेरिकेतल्या लोकांना कळतं का हो?" स्टाइन बुचकळ्यात. असं का विचारताय, म्हणाले. तर निर्माता म्हणतो, "नाही, म्हणजे ते फारच जपानी आहे ना!"

किस्सा स्टाइन स्वतः सांगायचे, त्यामुळे त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती खालच्या प्रतिक्रियांबद्दल. बदाम, टाळ्या आणि मग ठरलेलं वाक्य: "शेवटी काय, माणूस इथून तिथून सारखाच." मी अकरा वर्षं टोकियोत राहते, निशी-कासाईला. माणूस इथून तिथून सारखा असता तर वॉर्ड ऑफिसात मला इतके हेलपाटे पडले नसते. असो. पण या नाटकाचं जपानमध्ये जे झालं ते त्या किश्शापेक्षा कितीतरी मजेदार आहे आणि ते कुणी सांगत नाही, म्हणून हा लांबलचक प्रपंच.

ज्यांना नाटक माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 1905 च्या सुमाराचा रशिया, अनातेव्का नावाचं ज्यूंचं खेडं, आणि टेव्ये हा दुधाचा धंदा करणारा गरीब माणूस. पाच मुली. मोठीचं लग्न गावच्या मध्यस्थ बाईने एका पैसेवाल्या खाटकाशी जमवलंय, तिला मात्र शिंपी हवाय. दुसरी एका क्रांतिकारकाच्या मागे सायबेरियाला जाते. तिसरी तर ख्रिश्चन मुलाशी लग्न करते. बाप प्रत्येक वेळी थोडा थोडा वाकतो, तिसरीच्या वेळी मात्र वाकत नाही. शेवटी झारचा हुकूम येतो आणि अख्खं गाव बाडबिस्तरा बांधून निघतं. शोलेम अलेखेमच्या यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या बोलीतल्या, गोष्टींवरून केलेलं हे नाटक. 22 सप्टेंबर 1964 ला न्यूयॉर्कच्या इम्पीरियल थिएटरात उघडलं आणि तिथून पुढे त्याचे 3242 प्रयोग झाले.

टोकियोत ते आलं सप्टेंबर 1967 मध्ये, आणि गंमत बघा, तिथेही थिएटरचं नाव इम्पीरियलच. तेइकोकु गेकिजो, लाडाने तेइगेकी. सम्राटाच्या राजवाड्याच्या खंदकासमोरची ती इमारत तेव्हा नुकतीच, म्हणजे 1966 मध्ये, नव्याने बांधून उघडली होती. निर्माते तोहो, तेच ते गॉडझिलावाले. ब्रॉडवेच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीच्या, भाषांतरित म्युझिकलचा पहिला डाव त्यांनी 1963 मध्ये 'माय फेअर लेडी' करून खेळला होता. तो जमला, म्हणून हा पुढचा.

आता ते 'फारच जपानी' कुठून आलं ते सांगते. जपानमध्ये ठरवून लग्न करायला 'ओमिआई' म्हणतात. मध्यस्थाला 'नाकोदो'. फोटो आणि माहितीचा कागद आधी इकडून तिकडे जातो, मग दोन्हीकडची मंडळी चहाला भेटतात. आपलं कांदेपोहे, फक्त पोहे वगळून. 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात जपानमध्ये पहिल्यांदाच प्रेमविवाहांचं प्रमाण ओमिआईच्या लग्नांपेक्षा वर गेलं. नेमकं त्याच सुमाराला तोहोने हे नाटक आणलं. म्हणजे खाली खुर्च्यांवर बसलेल्या कितीतरी बापांच्या घरी तेव्हा कुणी ना कुणी शिंपी येऊन उंबऱ्यात उभा होता. निर्मात्याला ते जपानी वाटलं यात माणुसकीचा साक्षात्कार वगैरे काही नाही. त्याला बाजार कळत होता.

आणि तरीही पहिल्या वेळी नाटक चाललं नाही! म्हणजे अगदी आपटलं नाही, पण तिकीटखिडकीवर म्हणावा तसा जोर नव्हता. मग आठ वर्षं गप्प. पुन्हा लागलं ते 1975 मध्ये, निस्सेई थिएटरला, आणि तिथून जे लोकांनी धरलं ते आजतागायत सोडलेलं नाही. 'सारखाच माणूस' म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न एवढाच, की मग ती आठ वर्षं कशाला लागली?

माझ्या मते उत्तर आहे एक नट. हिसाया मोरिशिगे.

मोरिशिगे मूळचे ओसाकाकडचे, आणि लोकांना माहीत होते ते विनोदी नट म्हणून. पडद्यावर कंपनीचा मालक असलेला, बायकोला घाबरणारा, चावट साहेब करायचे. 1967 मध्ये ते 54 वर्षांचे होते. टेव्ये त्यांनी 1986 पर्यंत केला, 900 प्रयोग. गाण्याचा आवाज म्हणाल तर ब्रॉडवेवाल्यांनी नाक मुरडलं असतं. अर्धं गाणं, अर्धं बोलणं. जुन्या ध्वनिमुद्रणात ऐकलंय मी. 'मी श्रीमंत असतो तर' या गाण्यात ते देवाशी असं बोलतात, जसं संध्याकाळी दोन पेले पोटात गेलेला माणूस दुकान बंद करणाऱ्या ओळखीच्या दुकानदाराशी बोलतो. भांडण नाही, विनवणीही नाही, नुसती जुनी लगट.

त्यांच्याबद्दल आणखी एक गोष्ट आहे. तरुणपणी ते एनएचके रेडिओचे निवेदक म्हणून मांचुरियात, म्हणजे ईशान्य चीनच्या तेव्हा जपानच्या ताब्यात असलेल्या भागात, नोकरीला होते. युद्ध संपलं, जपान हरला, सोव्हिएत फौजा आत शिरल्या, आणि तिथल्या लाखो जपान्यांना हाती लागेल ते घेऊन परतावं लागलं. मोरिशिगे 1946 मध्ये परतले. हा माणूस शेवटच्या अंकात भांडीकुंडी गाडीवर चढवतो तेव्हा समोरच्या प्रेक्षकांतल्या कितीजणांनी स्वतः तेच केलं असेल, विचार करा.

पण इथेच मला जरा थांबावंसं वाटतं. जपानी लोक मांचुरियात गेले होते ते मालक म्हणून, बंदुकीच्या जोरावर. अनातेव्काचे ज्यू कुणाच्या जमिनीवर चढाई करून बसले नव्हते. दोघांच्या गाठोड्यांचा आकार सारखा दिसतो, म्हणून दोघांची गोष्ट एक होत नाही. प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी आलं ते खरंच आहे, पण ते टेव्येसाठी होतं की स्वतःसाठी, हे कोण सांगणार?

आणि एक योगायोग, जो मला इथल्या कुठल्याच नाट्यरसिकाच्या तोंडून ऐकायला मिळाला नाही. 1905, म्हणजे ज्या वर्षाच्या आसपास टेव्येचं गाव उठतं, त्याच वर्षी जपानने रशियाला युद्धात हरवलं. त्या युद्धासाठी जपानला मोठाली कर्जं उभी करून देण्यात पुढे होता न्यूयॉर्कचा जेकब शिफ नावाचा ज्यू सावकार. का? तर झारच्या राज्यात ज्यूंच्या कत्तली होत होत्या आणि झारला धडा शिकवायची त्याची इच्छा होती. जपानी सम्राटाने त्याला मानचिन्ह दिलं होतं. टेव्येला यातलं काही ठाऊक असायचं कारण नाही, त्याचा घोडा लंगडतोय. पण टोकियोत बसून हे नाटक बघताना मला ते आठवतंच.

बरं, भाषा. नाटकाचं पहिलंच गाणं 'ट्रॅडिशन'. जपानी प्रयोगात त्यासाठी शब्द आहे 'शिकितारी'. शब्दकोशात 'देन्तो' हा भारदस्त शब्द आहे, संग्रहालयाच्या पाटीवर शोभणारा. शिकितारी म्हणजे आपली 'रीत'. आमच्याकडे असंच करतात, बास. आपण मराठीत केलं असतं तर हमखास 'परंपरा' म्हटलं असतं, आणि गाणं तिथेच भाषण झालं असतं. 'रीत आहे' म्हणणारी बाई डोळ्यांसमोर येते, 'परंपरा आहे' म्हणणारा फक्त माइकसमोर उभा असतो.

मार्चमध्ये, म्हणजे 2025 च्या, मी ते मेइजी-झाला पाहिलं. तेइगेकी फेब्रुवारीतच पुनर्बांधणीसाठी बंद झालं होतं. मेइजी-झा म्हणजे निहोनबाशी हामाचोतलं जुन्या वळणाचं थिएटर, जिथे मध्यंतरात लोक खुर्चीतच डबा उघडून जेवतात. आपल्याकडे बटाटेवड्याचा वास दारातून आत येतो, इथे माझ्या मांडीवर भात, वर मधोमध उमेबोशी नावाचं खारवलेलं आंबटढाण फळ आणि शेजारी गोडसर अंड्याची वडी. टेव्ये होते मासाचिका इचिमुरा, वय 76, 2004 पासून ही भूमिका करतायत. त्यांच्या आधी तोशियुकी निशिदा करायचे, ते ऑक्टोबर 2024 मध्ये गेले. बायको गोल्डेच्या भूमिकेत रान ओतोरी. या बाई ताकाराझुका या फक्त स्त्रियांच्या नाटक मंडळीत पुरुषपात्रं करून गाजलेल्या. 1967 ची पहिली गोल्डे, फुबुकी कोशिजी, तीही तिथलीच, तीही पुरुषपात्रं करणारी. बालगंधर्वांच्या शालूंचं कौतुक ऐकत वाढलेल्या आपल्याला हे उलटं गणित समजायला वेळ लागू नये. नवऱ्याला धाकात ठेवणारी गोल्डे कंबरेवर हात ठेवून उभी राहिली की एक क्षण घरात दोन पुरुष आहेत असं वाटतं, आणि ते त्या नाटकाला फार शोभतं.

शेजारच्या खुर्चीवर ऐंशीच्या घरातल्या एक आजी होत्या, एकट्याच. डब्याच्या झाकणावरचा रबरबँड काढून त्यांनी तो मनगटात घातला, अगदी माझ्या आजीसारखा. बोलणं निघालं. त्यांचं स्वतःचं लग्न ओमिआईचं. नाकोदो म्हणजे नवऱ्याच्या ऑफिसातले साहेब. पहिल्या दोन मुलींच्या वेळी त्या टेव्येकडे बघून मान डोलवत होत्या. मग मध्यंतरानंतर तिसरी आली, खावा, ख्रिश्चन मुलाशी चर्चमध्ये लग्न लावलेली. बाप तिच्याकडे पाठ फिरवतो, ती मेली म्हणतो. माझ्या पोटात गोळा आला. हे दृश्य मी नाटकात नाही, आमच्या चाळीत पाहिलंय. वरच्या मजल्यावरच्या ताईचं नाव त्या घरात पुढे वीस वर्षं कुणी घेतलं नाही.

नाटक सुटल्यावर आजी कोट चढवता चढवता मला म्हणाल्या, सगळं कळलं, ते तिसरीचं तेवढं नीट कळत नाही, इतक्या वेळा बघूनही. त्यांच्या मुलीचं लग्न हॉटेलच्या चॅपलमध्ये झालं होतं. पांढरा झगा, पाद्री, सगळं. घरात कुणीच ख्रिश्चन नाही. इथे तशी सर्रास पद्धत आहे, झगा छान दिसतो म्हणून. मग चर्चमध्ये लग्न केलं म्हणून बाप एवढा का तुटतो, त्यांनी विचारलं.

आता बोला. 'फारच जपानी' असलेलं नाटक जपानी आजींना सर्वांत दुखऱ्या जागी परकं, आणि साताऱ्याच्या मला तिथेच घरचं. मी माझ्या मोडक्यातोडक्या जपानीत त्यांना आमच्याकडचं समजवायला गेले, धर्म, जात, वरच्या मजल्यावरची ताई. त्या ऐकत होत्या मन लावून. 'हो का, हो का' म्हणत होत्या. कळलं असेल असं मला वाटत नाही. तरी त्या 1975 पासून येतायत. न कळणारी एक जागा सोबत घेऊन.

मग त्यांनी विषय बदलला, आणि चेहरा एकदम खुलला. इचिमुरा चांगले आहेत, म्हणाल्या, पाय किती हलके आहेत या वयात. पण शेवटी गाव सोडताना ती गाडी आहे ना, ती ते फार भरभर ओढतात. मोरिशिगे-सान हळू ओढायचे. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि जिन्याच्या तोंडाशी, गर्दीला अडवून, दोन पावलं चालून दाखवली.